आमच्या गाडीला भाता बसवला तेव्हा

आमची सोसायटी धायरीत टेकडीच्या कडेला आहे. बिल्डरने जाहिरातीत ‘निसर्गरम्य उंचीवर’ असं छापलं होतं आणि त्याला खोटं म्हणता येणार नाही. उंची आहे. मुख्य रस्त्यावरून आत वळलं की पिठाची गिरणी लागते, मग एक गॅरेज, आणि गॅरेजच्या पुढे सुरू होतो तो चढ. त्या चढाने चांगल्या चांगल्यांची लाज काढली आहे. सर्वांत जास्त आमची.

आमच्या घरात माणसं चार. हे, म्हणजे माझे यजमान, मी, सासूबाई आणि नोकरीला लागलेली मुलगी. आणि गाडी एक. छोटी, पांढरी, मुलीपेक्षा वयाने मोठी. ही गाडी चौघांना घेऊन तो चढ कधीही चढली नाही. बाहेरून आलो की गॅरेजपाशी गाडी थांबायची, हे आरशातसुद्धा न बघता नुसतं ‘हं’ म्हणायचे, आणि मी आणि मुलगी मुकाट्याने खाली उतरायचो. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यामुळे त्या पुढच्या सीटवर महाराणीसारख्या बसून वर जायच्या. आम्ही दोघी पिशव्या घेऊन मागून. एकदा मी लग्नाहून येत होते, पैठणीत, आणि वरून उतरणाऱ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, “चालायला जाता वाटतं रोज? छान.” मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

ह्यांच्या मते दोष गाडीचा. गाडीला दम नाही, वय झालं, इंजिन थकलं. माझ्या मते दोष कशाचा होता हे मी मनात ठेवलं होतं, कारण संसार करायचा होता. हे गाडी कसे चालवतात ते सांगते. पहिला गिअर ह्यांच्या लेखी फक्त गाडी जागची हलवण्यासाठी असतो. गाडी हलली की दुसरा. दुसऱ्यात कोपऱ्यापर्यंत पोचलो की तिसरा. सिंहगड रोडवर सायकलवाले पुढे जात असताना आमची गाडी चौथ्यात गुरगुरत असते. उतार दिसला की न्यूट्रल. सिग्नलला इंजिन बंद. अॅक्सिलरेटरवर ह्यांचा पाय असतो, पण तो झोपलेल्या मांजराच्या शेपटीवर ठेवावा तसा. “इंजिन जपलं तर माणसासारखं टिकतं,” असं हे म्हणतात. टिकलं खरं. चढलं मात्र नाही.

लायसन्स माझ्याकडेही आहे, गाडी घेतली त्याच वर्षी काढलेलं. मी भूगोल शिकवायचे, घाट आणि खिंडी मुलांना पाठ करून घ्यायचे, मला गाडी चालवायची फार हौस होती. दोनदा चालवली. दोन्ही वेळा हे शेजारी हॅन्डब्रेक मुठीत धरून बसले होते. इंजिन जरा आवाज करायला लागलं की म्हणायचे, “रडवतेस तू त्याला.” दुसऱ्या वेळी मी भर रस्त्यात गाडी थांबवली, किल्ली ह्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, “घ्या, तुम्हीच हसवा.” त्यानंतर मी कायमची मागच्या सीटवर. त्याचं मला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण इतकी वर्षं झाली की वाईट वाटण्याचीसुद्धा सवय होते.

मग मुलीने नवी गाडी बुक केली. विजेवरची. आणि सोसायटीत आम्हाला पार्किंगची जागा एकच.

मुलगी जेवताना म्हणाली, “बाबा, प्रॅक्टिकली विचार करा. ती गाडी आपल्याला घरापर्यंतसुद्धा आणत नाही. एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू.”

ह्यांनी पोळी खाली ठेवली. हडपसरच्या कारखान्यात हे सगळी नोकरी कॉम्प्रेसर बनवत होते, आणि त्या पगारातून स्वतःसाठी घेतलेली अशी ती एकच वस्तू. बाकी सगळं घरासाठी. हे मला माहीत होतं, मुलीला माहीत असायचं कारण नव्हतं. ह्यांचा चेहरा बघून मला राग आला, पण तिचा आला की ह्यांचा, तेच कळेना.

“चढली तर?” हे म्हणाले.

“म्हणजे?”

“चौघांना घेऊन, मध्ये कोणीही न उतरता, गेटपर्यंत चढली तर?”

मुलगी शेवटी ह्यांचीच. म्हणाली, “दसऱ्याच्या दिवशी चढवून दाखवा. चढली तर तुमची गाडी पार्किंगमध्ये, माझी रस्त्यावर. नाही चढली तर दुसऱ्या दिवशी शोरूमला.”

“ठरलं,” हे म्हणाले आणि पोळी परत उचलली.

महिन्याभरात एक खोकं घरी आलं. आत भुशात पुरलेलं, नारळापेक्षा जरा मोठं, अॅल्युमिनियमचं एक धूड. जपानातल्या कुठल्याशा चिमुकल्या गाडीतून काढलेला जुना सुपरचार्जर. ह्यांनी तो डायनिंग टेबलावर, कोशिंबिरीच्या भांड्याशेजारी ठेवला आणि आम्हाला समजावून सांगितलं. इंजिनाला पेट्रोलबरोबर हवा लागते. आपल्या ताकदीने ओढेल तेवढीच हवा ते घेतं. हे यंत्र हवा कोंबून आत भरतं. हवा जास्त, म्हणून जोर जास्त.

“आणि पेट्रोल?” मी विचारलं.

“तेही थोडं जास्त,” हे म्हणाले, पण आवाज एकदम खाली गेला होता.

सासूबाईंनी यंत्राला बोट लावून बघितलं. “म्हणजे भाता,” त्या म्हणाल्या. “लोहाराचा असतो तो.”

“भाता नाही, आई. सुपरचार्जर.”

“वारा घालतो ना?”

“हो.”

“मग भाता.” तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव भाता पडलं, आणि हे चिडायचे म्हणून मीही तेच म्हणायला लागले.

बसवायचं काम चढाखालच्या गॅरेजवाल्याने घेतलं. हा माणूस मूळचा इथलाच, त्याच्या आजोबांचा मळा जिथे होता तिथे आता गॅरेज आहे. त्याला नाही म्हणता येत नाही. विमान आणून दिलं असतं तरी तो म्हणाला असता, “बसतंय की.” दोघांनी मिळून इंजिनाशेजारी लोखंडी ब्रॅकेट ठोकलं, कार्ब्युरेटरचं तोंड वळवलं, एक नळी कापली, ती चुकली म्हणून दुसरी कापली. बॉनेट बंद होईना, तेव्हा बॉनेटलाच भोक पाडून वर एक टेंगूळ बसवलं. ते टेंगूळ म्हणजे माझं धिरड्याचं पीठ भिजवायचं पातेलं होतं हे मला गाडी घरी आल्यावर कळलं.

ह्यांना सगळ्यात जास्त अभिमान होता तो एका झडपेचा. भाता इंजिनाच्याच चाकावरून पट्ट्याने फिरतो. उद्या पट्टा तुटला तर हवेची वाट बंद व्हायला नको, म्हणून ह्यांनी स्वतः पितळेची झडप बनवून घेतली होती. पट्टा तुटला की झडप उघडणार, हवा बाजूने जाणार आणि गाडी पूर्वी होती तशीच चालणार. ही झडप ह्यांनी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या कपबशीवर समजावून दिली. पाहुणे कमी झाले.

राहिला पट्टा. गॅरेजवाला म्हणाला, “साहेब, पट्टा नवा आणू.”

“नवा कशाला?” हे म्हणाले आणि घरी येऊन माळ्यावर चढले.

आमच्या माळ्यावर काय आहे ते मी सांगत बसत नाही. ज्या वस्तू ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवल्या जातात त्या सगळ्या तिथे आहेत, आणि कधीतरी अजून आलेलं नाही. पण त्या दिवशी आलं. जुन्या कॉम्प्रेसरचा एक रबरी पट्टा घेऊन हे खाली उतरले तेव्हा चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज होतं. पट्ट्यावर बारीक भेगा होत्या. मी त्या बघितल्या. ह्यांनी त्यावर खोबरेल लावलं.

गॅरेजवाल्यानेच पहिली फेरी मारली. हे शेजारी बसले, मी गच्चीतून बघत होते. गॅरेजपाशी इंजिन असं ओरडलं की गिरणीतली माणसं बाहेर आली, आणि मग एक बारीक, चढत जाणारी शिट्टी ऐकू आली, कुकरची व्हावी तशी, पण न थांबणारी. गाडी चढावरून उडतच आली. हे खाली उतरले तेव्हा चेहरा पांढराफटक.

“चढली की!” मी वरून म्हटलं.

“माणूस वेडा आहे,” हे म्हणाले. “पहिल्या गिअरमध्ये किती पिळतो.”

“पिळायलाच लागतं, साहेब,” गॅरेजवाला म्हणाला. “इंजिन फिरलं तर त्यो चार्जर फिरणार. त्याला पाय द्यायला लागतोय.”

ह्यांनी मान डोलावली. ती मान मी ओळखते. डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात तेव्हाही तशीच डोलते.

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, टेंगळावर स्वस्तिक काढलं. दुपारी आम्ही सगळे सासूबाईंच्या बहिणीकडे हडपसरला सोनं द्यायला गेलो. जाताना मी मागून बघत होते, स्टिअरिंगवरची बोटं एकसारखी गाडीला थोपटत होती. आयुष्यात ह्यांनी कधी कुणाला असं थोपटलेलं मी बघितलं नव्हतं. मला तेव्हा मनापासून वाटलं की चढू दे. पातेलं गेलं तर गेलं, माझ्यावर रोज पायी चढायची वेळ आली तरी येऊ दे, पण ह्यांची गाडी राहू दे.

परत आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गॅरेज पूजा करून बंद होतं. त्याच्यासमोर हे थांबले, आणि सवयीने मी दाराला हात घातला.

“बस,” हे म्हणाले. “आज कोणी उतरायचं नाही.”

मग गाडी हलली. आणि हलल्याबरोबर ह्यांनी दुसरा टाकला. मी डोळे मिटले. शिट्टी नाही, काही नाही, गाडी खोकली, थरथरली, आणि चढावरच्या वाण्याच्या दुकानाच्या जरा वर गेल्यावर बंद पडली. आम्ही उलटे घरंगळत खाली आलो. दुसऱ्यांदाही तसंच. या वेळी दुकानापर्यंतसुद्धा नाही.

मुलगी खिडकीबाहेर बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते, कारण पैज लावताना आपण काय लावलं ते तिला आता कळायला लागलं होतं.

“राहू दे बाबा,” ती शेवटी म्हणाली. “मी माझी गाडी रस्त्यावर लावते.”

“नको,” हे म्हणाले. “ठरलं म्हणजे ठरलं. उद्या देऊन टाकू.” आणि मग जरा थांबून, “हं.”

ते ‘हं’ म्हणजे उतरा. मी पिशवी उचलली. तेवढ्यात पुढच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, “तिला दे.”

“कोणाला?”

“तुझ्या बायकोला. तिच्याकडे लायसन आहे ना?”

“आई, ती इंजिन फाडेल.”

“फाडू दे. उद्या टाकायचीच आहे ना?” सासूबाईंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. या बाईंनी मला इतक्या वर्षांत एका आमटीला चांगलं म्हटलेलं नाही. “तू त्या गाडीला विचारत बसतोस, चढशील का गं म्हणून. ही विचारायची नाही. मी हिला ओळखते.”

हे खाली उतरले. किल्ली तशीच ठेवून मागे येऊन बसले, गुडघे छातीला लावून. मी पुढे गेले. सीट इतकी मागे होती की पाय पोचेनात. खालचा दांडा ओढून ती सरकवायला गेले तर इतक्या वर्षांत न हललेली सीट जागची हलेना, मग मुलीने मागून ढकलली.

“थांब,” सासूबाई म्हणाल्या आणि कनवटीतून लिंबू काढलं. “चाकाखाली ठेव गं.” मुलगी उतरली, लिंबू पुढच्या चाकाखाली ठेवलं आणि परत बसली. “आता चिरड आणि हो पुढे.”

मी पहिला टाकला. क्लच सोडला आणि पाय दाबला.

फट् असा आवाज झाला. “फुटलं लिंबू,” सासूबाई समाधानाने म्हणाल्या. “दृष्ट गेली.”

आणि मग मी दाबतच गेले. इंजिन बोंबललं. रडलं म्हणा, हंबरलं म्हणा, मला काहीही म्हणा, मी पाय काढला नाही. इतक्या वर्षांचं सगळं त्या पायात होतं, पैठणी, पिशव्या, शेजारच्या बाई, सगळं. वाण्याचं दुकान गेलं. मागून ह्यांचा आवाज आला, “दुसरा! दुसरा टाक!” मी टाकला नाही. ह्यांचा हात दोन सीटांच्या मधून हॅन्डब्रेककडे आला, आणि सासूबाईंनी त्यावर फटका मारला. बॉनेटवरचं पातेलं थडथडत होतं, झेंडूच्या पाकळ्या काचेवर येत होत्या, मुलगी हसत होती की रडत होती कळत नव्हतं. वळण आलं, वळण गेलं. वॉचमनने आमची गाडी चढावर कधी चौघांसकट बघितली नव्हती, तो खुर्चीवरून उठून उभा राहिला आणि त्याने गेट उघडायचं सोडून सलाम ठोकला.

आम्ही गेटपाशी थांबलो. इंजिनाला वाफ आली होती, मलाही.

“गिअर उशिरा बदललास,” हे मागून म्हणाले.

“बदललाच नाही,” मी म्हटलं.

सीट परत मागे ढकलून गाडी ह्यांनीच पार्किंगमध्ये लावली, आणि संध्याकाळभर घरात ह्यांचाच उदोउदो झाला. शेजारचे आले, ह्यांनी कपबशी मांडून सुपरचार्जर समजावला, हवा कशी कोंबली जाते, जोर कसा वाढतो. मुलीने सगळ्यांना सांगितलं की पैज बाबा जिंकले आणि तिची गाडी आता रस्त्यावर राहणार. मला कोणी काही विचारलं नाही. सासूबाईंनी मात्र जेवताना आमटीची वाटी पुढे केली आणि “वाढ अजून” म्हणाल्या. याहून मोठं सर्टिफिकेट त्यांच्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे दूध आणायला खाली गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी ओट्याशी चहा टाकत होते. हे आले, दुधाची पिशवी ठेवली. मग एका खिशातून रबरी पट्टा काढला. तुटलेला, दोन्ही टोकं झिरमिळलेली. तो ओट्यावर ठेवला. दुसऱ्या खिशातून लिंबू काढलं आणि पट्ट्याशेजारी ठेवलं. पिवळंधमक, गोल, साधा ओरखडा नव्हता.

“चाकाखालून निसटून गटाराच्या कडेला गेलं होतं,” हे म्हणाले. “आणि पट्टा तिथेच पडला होता. चढ सुरू होतो ना, तिथे.”

मी लिंबाकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं. मग मला तो फट् आवाज आठवला. आणि हेही आठवलं की वर येताना इंजिन एवढं ओरडत होतं, पण ती शिट्टी ऐकू आलीच नव्हती.

“म्हणजे भाता फिरतच नव्हता,” मी म्हटलं.

“नाही. झडप उघडली.” झडपेचं नाव घेताना एक क्षण ह्यांचा चेहरा उजळला आणि परत पडला. “गाडी जशी होती तशीच चढली.”

माझ्याकडे बोलायला खूप होतं. लग्नापासून साठवलेलं, तयार, ओठांवर. हे स्टुलावर बसले, चष्मा काढला आणि पुसत राहिले. आणि माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, “सरबत करू का?”

“कर. चांगलं लिंबू आहे, वाया नको.” मग चष्मा चढवून म्हणाले, “दम होता गं तिच्यात. पहिल्यापासून. मीच दिला नाही पाय.” आवाज गाडीबद्दल बोलत असल्याचाच होता.

मला रडू आलं आणि रागही आला, म्हणून मी लिंबू जरा जोरातच पिळलं.

पट्टा माळ्यावर गेला, कधीतरी लागेल म्हणून. पुढच्या आठवड्यात भाताही गेला, त्याच्याशेजारी. पातेलं मी परत मागितलं नाही, ते गाडीवरच राहू दिलं. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी सरबत पिऊन हे खाली पार्किंगमध्ये गेले आणि थोड्या वेळाने परत आले, हाताला ग्रीस लागलेलं. किल्ली फ्रिजवर ठेवली आणि म्हणाले, “भाजी आणायची आहे ना? जा.”

“तुम्ही येताय?”

“मी बसेन शेजारी. हात मांडीवर ठेवीन.”

खाली जाऊन मी गाडीचं दार उघडलं. ड्रायव्हरची सीट पुढे सरकवलेली होती, दांड्याला नवं ग्रीस लावून, माझे पाय पोचतील एवढी पुढे. ह्यांची उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त. त्या जागेत ह्यांचे गुडघेसुद्धा मावले नसते. हे पलीकडून येऊन डावीकडे बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.